गोधडीवर मशीनचं भरतकाम : शिकायचं कसं, मशीन कुठलं घ्यायचं आणि हिशोब कसा बसवायचा?

भिवंडी : कापडाच्या गावाला कापडाची कमी नाही. भिवंडी शहर आणि आसपासच्या गावांत लाखांच्या घरात यंत्रमाग आहेत. ग्रे कापडाचे तागे, कटपीस आणि किलोवर विकली जाणारी चिंधी इथे सहज मिळते. तरीही तालुक्यातल्या बऱ्याच घरांत शिलाई मशीन ब्लाउज, फॉल-पिको आणि उसवलेले कपडे शिवण्यापुरतंच वापरलं जातं.

त्याच मशीनवर गोधडी, बाळाचं दुपटं, नावाचा रुमाल, रुखवतातली तोरणं, बटवे अशा वस्तू तयार होऊ शकतात. मशीनवर भरतकाम शिकण्याकडे त्यामुळेच महिलांचा ओढा असतो. पण शिकण्याआधीच कर्ज काढून महागडं मशीन घेतलं, काम मिळालं नाही आणि हप्ता मात्र सुरू झाला, असं झालं तर घरखर्च कोलमडतो. म्हणून आधी शिकणं, मग विकणं आणि शेवटी मोठं मशीन, हा क्रम महत्त्वाचा. त्याबद्दलची ही सविस्तर माहिती.

गोधडी आपली, मशीन बाहेरचं

गोधडी, वाकळ, चौघडी अशी नावं भागाप्रमाणे बदलतात, पद्धत मात्र एकच. जुनी लुगडी, साड्या, धोतरं एकावर एक पसरायची, वर ठिगळं जोडायची आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचा. घरातलं कुठलंच कापड वाया जात नाही आणि थंडीत ऊबही मिळते.

मशीन भरतकामाचा इतिहास युरोपातला आहे. फ्रान्समधल्या म्युलूझ गावच्या जोशुआ हाइलमान यांनी १८२८ च्या सुमारास भरतकामाचं पहिलं यंत्र तयार केलं. त्यानंतर १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी शिफ्ली मशीन काढलं. त्यात वरून सुई आणि खालून धोटा, असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. ‘शिफ्ली’ या शब्दाचा अर्थ छोटी होडी. मागावरचा धोटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको. घरच्या शिलाई मशीनमध्ये बॉबिनजवळ जे ‘शटल’ असतं, त्याचं कामही तेच : वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत गुंतवणं.

मशीनचे चार प्रकार

१. साधं पायमशीन किंवा मोटार लावलेलं घरगुती मशीन. यावर सरळ टीप येते. रिंगमध्ये कापड ताणून हाताने फिरवलं की फुलं, वेली, नावं भरता येतात. शिकण्यासाठी हे पुरेसं आहे आणि बऱ्याच घरांत ते आधीच असतं.

२. झिगझॅगची सोय असलेलं घरगुती मशीन. यात टाक्याची रुंदी बदलता येते. गोधडीवर कापडाचा आकार कापून चिकटवायचा आणि त्याच्या कडेने दाट झिगझॅग मारायचा, म्हणजे ॲप्लिक, हे काम यावर छान होतं.

३. कारखान्यातलं झिगझॅग एम्ब्रॉयडरी मशीन. गुडघ्याने दाबायच्या पट्टीने चालू कामातच टाका रुंद-अरुंद करता येतो. वेग जास्त असतो. हात बसायला वेळ लागतो, पण साडी आणि ड्रेसच्या जॉबवर्कला हेच चालतं.

४. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन. डिझाइनची फाइल मशीनमध्ये टाकली की फ्रेम आपोआप हलते. घरगुती मशीनला एक सुई असते, रंग बदलताना दोरा हाताने बदलावा लागतो. अनेक सुयांच्या मशीनमध्ये रंग आपोआप बदलतात. घरगुती मशीनची किंमत लाखाच्या आसपास किंवा वर जाते, अनेक सुयांचं मशीन काही लाखांत जातं.

गोधडी आणि भेटवस्तूंसाठी शिकायला सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारावरच हात बसवावा. साध्या मशीनवर दोऱ्याचा ताण, सुई, कापड यांचं गणित ज्याला कळलं, त्याला कॉम्प्युटर मशीन बिघडल्यावर दोष कुठे आहे तेही कळतं. नाहीतर दर वेळी मेकॅनिकची वाट बघत बसावं लागतं.

सामान काय लागेल?

- भरतकामाची रिंग : मशीनसाठी बारीक काठाची घ्यावी, म्हणजे सुईखालून सहज सरकते. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळली की कापड घसरत नाही.
- सुई : साध्या सुती कापडावर भरतकामाला ११ नंबर, गोधडीचे थर शिवायला १४ किंवा १६ नंबर. बोथट सुईने कापड ओढलं जातं आणि दोरा तुटतो. आठ-दहा तासांच्या कामानंतर सुई बदलावी.
- दोरा : वर चमकदार रेयॉन किंवा पॉलिएस्टर एम्ब्रॉयडरी दोरा. रोज धुवायच्या वस्तूला पॉलिएस्टर टिकाऊ. खाली बॉबिनला बारीक दोरा.
- मागचा कागद : कापडाला आधार देणारा नॉनवोव्हन कागद. त्यात फाडून काढायचा, कापून काढायचा आणि पाण्यात विरघळणारा असे प्रकार मिळतात. सुती कापडाला पहिला, ताणणाऱ्या होजिअरीला दुसरा, टॉवेलच्या वरच्या बाजूला तिसरा.
- छोटी टोकदार कात्री, खडू, ट्रेसिंग पेपर, सेफ्टी पिना.

भिवंडीचं कापड वापरताना

मागावरून उतरलेलं ग्रे कापड स्वस्त पडतं, पण ते तसंच वापरू नये. विणताना ताणा तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते. अशा कापडावर केलेलं भरतकाम पहिल्या धुण्यातच गोळा होतं, कारण खळ निघते, कापड आटतं, पण दोरा आटत नाही.

म्हणून कापड रात्रभर पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी गरम पाणी आणि साबणाने धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावं. रंगीत कटपीसचा रंग जातो का ते आधी बघावं : ओला पांढरा रुमाल कापडावर घासायचा, रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्या गोधडीत घालायचं नाही. चिंधी घेताना सुती आणि पॉलिएस्टर वेगळं करून घ्यावं. एकाच गोधडीत दोन्ही आले तर एक आटतं, दुसरं नाही, आणि गोधडीला घड्या पडतात.

पहिला धडा : रिंग आणि हात

साध्या मशीनवर भरतकाम म्हणजे पेन स्थिर ठेवून कागद हलवण्यासारखं आहे. सुई एका जागी वर-खाली होते, कापड हाताने फिरवायचं असतं.

पहिली पायरी : कापड पुढे ढकलणारे दाते खाली करायचे. काही मशीनला त्यासाठी बटण किंवा स्क्रू असतो, काहींना दात्यांवर बसवायची पत्र्याची पट्टी मिळते. दुसरी : टाक्याची लांबी शून्यावर. तिसरी : नेहमीचा फूट काढून भरतकामाचा स्प्रिंगवाला फूट लावायचा.

रिंग लावताना कापड मशीनच्या पाटीला टेकलं पाहिजे. हाताच्या भरतकामात कापड रिंगच्या वरच्या काठाला येतं, मशीनवर ते खालच्या काठाला यायला हवं. कापडावर टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज यावा, इतका ताण ठेवायचा.

सुरुवातीला चाक हाताने फिरवून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यायचा आणि दोन्ही दोरे धरून तीन-चार टाके जागीच मारायचे. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे फूटची मागची कडी खाली करायला विसरणं. कडी वर राहिली की वरच्या दोऱ्याला ताण बसत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. मशीन बिघडलं असं वाटतं, पण बिघाड काहीच नसतो.

ताण बरोबर आहे का हे कापड उलटून बघावं. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फास लोंबत असतील तर वरचा ताण कमी आहे. भरतकामात वरचा दोरा किंचित खाली ओढला गेलेला चालतो.

आठ आठवड्यांचा सराव

रोज एक तास दिला तरी दोन महिन्यांत हात बसायला लागतो. साधारण क्रम असा ठेवता येईल.

- पहिला आणि दुसरा आठवडा : सरळ रेघा, नागमोडी रेघा, गोल, शंख. टाके एकसारखे येईपर्यंत दुसरं काही नाही. पाय जोरात आणि हात हळू असेल तर टाके एकावर एक बसतात. पाय हळू आणि हात जोरात असेल तर टाके लांबतात.
- तिसरा आणि चौथा : पान, पाकळी, देठ. आधी बाहेरची रेघ, मग आत भरणं.
- पाचवा : नाव लिहिणं. मराठी अक्षर आधी खडूने काढून त्यावरून चालायचं. आधी अक्षरं, मग शिरोरेघ, शेवटी मात्रा आणि अनुस्वार.
- सहावा : ॲप्लिक.
- सातवा आणि आठवा : एक छोटं दुपटं पूर्ण करणं.

नक्षी कापडावर उतरवायला जुनी पद्धत अजूनही चालते. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढून रेघेवर टाचणीने भोकं पाडायची आणि वरून खडूची पूड किंवा निळीचं मिश्रण फिरवायचं. एक खाका अनेक वेळा वापरता येतो. निळीचा डाग धुऊन जातो का, हे आधी तुकड्यावर बघावं.

गोधडीवर भरतकाम आधी की नंतर?

आधी. वरचं कापड एकटं असतानाच त्यावर भरतकाम करावं, मग थर लावावेत. सगळे थर जोडून त्यावर दाट भरतकाम केलं तर गोधडी तिथे पुठ्ठ्यासारखी कडक होते आणि सुईही मोडते.

क्रम असा : वरचा भाग भरून तयार करायचा. खाली अस्तर उलटं पसरायचं, त्यावर कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, किंवा जुन्या साडीच्या दोन-तीन घड्या. सगळ्यात वर भरलेलं कापड. अस्तर चारी बाजूंनी दोन इंच मोठं ठेवायचं. मग मधून कडेकडे कच्चा धावदोरा किंवा सेफ्टी पिना. मशीनची टीपही मधूनच सुरू करून बाहेर न्यायची, नाहीतर मध्ये फुगा येतो. दोन रेघांत चार बोटांपेक्षा जास्त अंतर ठेवलं तर धुतल्यावर आतला कापूस एका जागी गोळा होतो. भरलेल्या फुलावरून टीप न नेता त्याच्या कडेने न्यावी, म्हणजे फूल उठून दिसतं.

बाळाच्या वस्तूंना वेगळे नियम लावावेत. मणी, टिकल्या, बटणं नकोत, ती तुटून तोंडात जाऊ शकतात. जरीचा दोरा बाळाच्या अंगाला टोचतो. भरतकामाची मागची खरखरीत बाजू अस्तराने झाकलेली असली पाहिजे. पिना मोजून लावायच्या आणि मोजूनच काढायच्या.

भेटवस्तूंना मागणी कुठे?

तालुक्यातल्या घरांत बारसं, हळद, लग्न, डोहाळजेवण यांना वस्तू लागतातच. बारशाला नाव भरलेलं दुपटं आणि कुंची, रुखवतात तोरण, उशीचे अभ्रे आणि बटवे, हळदीला कुटुंबाच्या नावाचे रुमाल. आगरी-कोळी घरांत हळदीचा कार्यक्रम मोठा असतो, तिथे अशा वस्तूंची एकगठ्ठा ऑर्डर मिळू शकते. वज्रेश्वरी-गणेशपुरीला येणाऱ्या भाविकांसाठी खणाच्या छोट्या पिशव्या हाही एक पर्याय आहे. बचत गटांसाठी उमेद अभियानाची सरस प्रदर्शनं असतात. मुंबईत भरणारं महालक्ष्मी सरस त्यातलं मोठं.

मराठी नाव ही इथल्या कारागिराची जमेची बाजू आहे. बाहेरून आलेल्या कॉम्प्युटर मशीनमध्ये तयार अक्षरं बहुतेक इंग्रजीच असतात. मराठी नावाची फाइल वेगळी बनवावी लागते. त्यासाठी कॉम्प्युटरवर चालणारं ‘इंक/स्टिच’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फाइलचा प्रकार मशीनप्रमाणे बदलतो : डीएसटी बऱ्याच मशीनला चालतो, पीईएस ब्रदरला, जेईएफ जॅनोमला. अक्षराची उंची अर्ध्या इंचापेक्षा कमी ठेवली तर जोडाक्षरं आणि मात्रा दोऱ्यात बुजून जातात.

कार्टूनची चित्रं आणि कंपन्यांचे लोगो परवानगीशिवाय भरून विकणं कायद्यात बसत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे मशीनवर काढलेली आकृती अस्सल वारली चित्र म्हणून विकू नये.

हिशोब : इथेच बहुतेकींचं नुकसान होतं

समजा एका दुपट्याला कापड आणि अस्तर २६० रुपये, आतला थर १२० रुपये, दोरा-सुई-कागद ६० रुपये, पिशवी २० रुपये लागले. सामान झालं ४६० रुपये. मशीनची झीज ५० रुपये धरू. काम सात तासांचं. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर ४२० रुपये. एकूण ९३० रुपये.

आता दुकानदार म्हणाला, “६०० ला द्या, रोज घेईन.” ६०० मधून सामान आणि झीज वजा केली की हातात उरतात ९० रुपये. सात तासांचे ९० म्हणजे तासाला १३ रुपयेसुद्धा नाहीत. रोजची ऑर्डर मिळाली हे खरं, पण तोटाही रोजचाच. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकीने आपल्या बाजारभावाने वहीत मांडावेत आणि वेळ घड्याळ लावूनच मोजावा.

कॉम्प्युटर मशीनवर वेळ टाक्यांवर ठरतो. १२ हजार टाक्यांचं डिझाइन मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने २० मिनिटं घेतं. दोरा बदलणं, रिंग लावणं धरून अर्धा तास पकडावा. घरगुती मशीनला वीज फार लागत नाही, खरा खर्च हप्त्याचा. एक लाखाचं कर्ज ५ टक्के व्याजाने १८ महिन्यांत फेडायचं तर महिन्याला साधारण पावणेसहा हजारांचा हप्ता बसतो. महिन्याचे २५ दिवस काम धरलं तर रोजचे २३० रुपये फक्त हप्त्याचे. तेवढी ऑर्डर साध्या मशीनवर सलग सहा महिने मिळत असेल, तेव्हाच मोठ्या मशीनचा विचार करावा. घेताना चार प्रश्न विचारावेत : सर्व्हिसला माणूस कुठून येईल, सुटे भाग जवळ मिळतात का, शिकवणार किती दिवस, आणि मध्येच लाइट गेली तर डिझाइन त्याच टाक्यापासून पुढे सुरू होतं का?

शिकायला कुठे जायचं?

- आरसेटी : ग्रामीण तरुण-तरुणींसाठी बँकांमार्फत जिल्ह्यात चालणारी स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. प्रशिक्षण, राहणं, जेवण मोफत. शिवणकामाची बॅच साधारण महिनाभराची. पुढची बॅच कधी, हे पंचायत समितीतल्या उमेद कक्षात किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत विचारावं.
- आयटीआय : शिवणकाम आणि भरतकामाचे एक वर्षाचे ट्रेड असतात. कुठल्या आयटीआयमध्ये जागा आहेत ते प्रवेशाच्या सरकारी पोर्टलवर बघावं.
- जन शिक्षण संस्थान : कमी शिकलेल्यांसाठी केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाची योजना.
- माविम : १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ. त्यांच्या बचत गटांमार्फतही प्रशिक्षणाची चौकशी करता येते.

पीएम विश्वकर्मा : दर्जीसाठी काय आहे?

ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसायांत दर्जी आहे, भरतकाम मात्र वेगळा व्यवसाय म्हणून नाही. त्यामुळे शिवणकाम करणाऱ्यांनीच दर्जी म्हणून अर्ज करायचा. वय किमान १८, एका कुटुंबातून एकच व्यक्ती, आणि सरकारी नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाला लाभ नाही.

पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज, अशी रचना आहे. अर्ज सीएससी केंद्रातून होतो, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. योजनेचा कालावधी २०२७-२८ पर्यंतचा आहे. आधार, मोबाइल नंबर, बँक पासबुक आणि रेशनकार्ड सोबत ठेवावं.

धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. ‘नोंदणी फी’ म्हणून कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर ती सरकारची फी नाही.

‘घरबसल्या काम’ : पैसे भरण्याआधी थांबा

“मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू,” अशा जाहिराती मोबाइलवर फिरत असतात. आधी डिपॉझिट घेतात, पहिला माल घेतात, मग ‘क्वालिटी नाही’ म्हणून माल परत करतात आणि डिपॉझिट बुडतं. काम देणारा खरा असेल तर तो नमुना बघून काम देतो, पैसे मागत नाही. व्यवहार लेखी असावा, दर आणि माल नाकारण्याचं कारण त्यात लिहिलेलं असावं. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

काम करताना जपायचं

सुई बदलताना आणि दोरा ओवताना मोटारीचं बटण बंद असावं. बोटं नेहमी रिंगच्या काठावर, सुईजवळ नकोत. केस आणि पदर बांधलेला असावा. उजेड डाव्या बाजूने यावा. दर तासाला उठून पाठ मोकळी करावी. मशीनला आठवड्यातून एकदा शटलमधली रुई ब्रशने काढून तेल द्यावं आणि त्यानंतर एक चिंधी शिवून घ्यावी, म्हणजे ऑर्डरच्या कापडावर तेलाचा डाग पडत नाही.

पहिल्या दोन-तीन गोधड्या घरच्याच वापराव्यात आणि चार-पाच वेळा धुऊन बघाव्यात. रंग गेला नाही, टीप उसवली नाही, भरतकाम गोळा झालं नाही, तर चौथी गोधडी गिऱ्हाइकाला द्यायला हरकत नाही.